एसी लावला म्हणजे ताजी हवा आली असं नाही: बंद खोलीतल्या या चुका टाळा

घरात एकाला खोकला झाला की पाठोपाठ तिघं आडवे होतात आणि खापर फुटतं एसीच्या गारव्यावर. गारव्यातून विषाणू जन्माला येत नाही. तो आजारी माणसाच्या श्वासातून बाहेर पडतो आणि हवा बदलली नाही तर खोलीतच साचत राहतो.

चूक पहिली: स्प्लिट एसीला हवेशीरपणा समजणं

भिंतीतल्या भोकातून तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाण्याचा पाइप जातो. हवा जातच नाही. इनडोअर युनिट खोलीतलीच हवा वरून ओढतं, गार करतं आणि परत खोलीत फेकतं.

हिशेब करून पाहा. झोपलेला माणूस तासाला साधारण 12 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 10 बाय 12 फुटांची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे 32 घनमीटर. दोघं दार-खिडकी घट्ट लावून झोपले तर तासाला 750 पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 750 भाग) भर पडते. बाहेरची हवा 420च्या आसपास असते. फटींतली गळती धरूनही दोन तासांत आकडा दीड हजाराला टेकतो. हा वायू इथे आजाराचं कारण नाही, पण एकमेकांनी सोडलेला श्वास खोलीत किती उरलाय याचं ते माप आहे. हा वायू मोजणारा मीटर घेतलात तर आकडा 800च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा.

यातून काय होतं ते चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटमध्ये दिसलं. 24 जानेवारी 2020, दुपारचं जेवण, तिसरा मजला, एकही खिडकी नाही. एसी चालू, एक्झॉस्ट बंद. वुहानहून आलेल्या एका कुटुंबातल्या बाईला त्याच दिवशी लक्षणं सुरू झाली. शेजारची दोन टेबलं साधारण मीटरभर लांब होती आणि त्यांची या कुटुंबाशी गाठ पडली ती तासाभराची. तरी तीन टेबलांवरची मिळून 10 माणसं कोविडने आजारी पडली. त्या मजल्यावरच्या बाकी 73 पाहुण्यांना आणि वाढप्यांना काही झालं नाही. तिन्ही टेबलं एकाच एसीच्या झोतात होती आणि तीच हवा त्यांच्यावर फिरत राहिली. नंतर मोजलं तेव्हा बाहेरची हवा माणशी सेकंदाला 1 लिटरच्या आसपास मिळत होती. जागतिक आरोग्य संघटना 10 लिटर सांगते.

म्हणून दिवसा दर दोन तासांनी समोरासमोरची दारं-खिडक्या 10 मिनिटं सताड उघडा. रात्री स्लायडिंगची काच दोन बोटं सरकवून ठेवा, एसी 26वर आणि पंखा दोनवर. बिल वाढेल म्हणून लोक हे टाळतात. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या हिशेबाने तापमान 1 अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते, तेव्हा फटीतून गेलेल्या गारव्याची बरीच भरपाई तिथेच होते.

चूक दुसरी: खोली लवकर गार व्हावी म्हणून एसी 18वर लावणं. खोली त्याने लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. गार, कोरड्या हवेने नाक सुकतं, आणि सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस 37पेक्षा 33-34 अंशांवर जोमाने वाढतो, म्हणजे नेमका गार पडलेल्या नाकात. झोत कुणाच्याही तोंडावर नको.

चूक तिसरी: एक्झॉस्ट लावून दार-खिडकी घट्ट बंद करणं

सगळ्यांच्याच खिडकीला वारा मिळत नाही. मुंबईत मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींमध्ये इमारती एकमेकींपासून जेमतेम 3 मीटरवर आहेत. तिथे उजेड आणि वारा खालच्या मजल्यांपर्यंत पोहोचत नाही आणि क्षयरोगाशी त्याचा संबंध अभ्यासांतूनही पुढे आला आहे. अशा घरात एक्झॉस्ट हवाच. माणशी सेकंदाला 10 लिटर धरले तर चार माणसांना तासाला 144 घनमीटर हवा लागते, आणि पंखा तासाला किती हवा फेकतो ते त्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं. कामात तो कमी भरतो, म्हणून दुपटीचा घ्या.

पण आत यायला वाटच नसेल तर पंखा नुसता घरघरतो. दाराखाली बोटभर फट ठेवा किंवा समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. शौचालयाच्या डक्टमधली हवा आत ओढली जात नाही ना, हेही बघा. तपासायला उदबत्ती पेटवून फटीशी धरा. धूर सरळ खोलीच्या आत वळला पाहिजे. तो उभाच चढत असेल तर हवा हलत नाहीये.

बाकीच्या चुका थोडक्यात:

- एअर प्युरिफायर घेऊन खिडकी कायमची बंद करणं. त्यातला हेपा फिल्टर (अगदी बारीक जाळीची गाळणी) कण धरतो, ताजी हवा आणत नाही. सुगंधी फवारा तर वास झाकण्यापलीकडे काहीच करत नाही.
- एसीची जाळी महिनोन्‌महिने न धुणं. 15 दिवसांतून एकदा साध्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. ती धूळ अडवते, विषाणू नाही.
- बंद खोलीत नुसता सीलिंग फॅन लावून समाधान मानणं. तो आहे तीच हवा घुसळतो.
- पावसाळ्यात झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालणं. आर्द्रता 60 टक्क्यांवर राहिली की कपाटामागे बुरशी धरते आणि दमेकऱ्यांचा त्रास वाढतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि दोरी एक्झॉस्ट असलेल्या खोलीत बांधा.