जुन्या फरशीवर व्हिनाइल बसवताना

जुन्या फरशीवर व्हिनाइलच्या म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवायच्या असतील, तर दुकानात नमुने बघायला जाण्याआधी घरातली फरशी तपासा. ॲल्युमिनियमची सरळ ६ फुटी पट्टी उभी, आडवी, तिरकी फिरवून बघा. पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली, तर तिथे प्रत्येक पावलागणिक व्हिनाइल पट्ट्यांचा लॉक, म्हणजे एकमेकींत अडकणारी कड, वाकत राहतो आणि शेवटी तुटतो. मग लाद्या एकेक ठोकून बघा. पोकळ वाजणारी किंवा हलणारी लादी आधी पक्की करून घ्यावी लागते. घोडबंदर रोडवरच्या नव्या टॉवरमधल्या २ बाय २ फुटी व्हिट्रिफाइड टाइल्स सहसा सपाट निघतात. वाशी-नेरूळकडच्या जुन्या घरांतल्या लाद्यांचे टवके आणि खचलेले कोपरे मात्र सेल्फ लेव्हलिंग कंपाउंडने, म्हणजे ओतले की आपोआप सपाट पसरणाऱ्या मिश्रणाने, भरावे लागतात. गुळगुळीत टाइलवर हे कंपाउंड नुसते ओतले तर पापुद्रे निघतात. आधी तेलकटपणा काढून, पाणी न शोषणाऱ्या पृष्ठभागासाठी मिळणारा प्रायमर लावा.

ओल हा वेगळा विषय. दुकानदार ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ म्हणतो ते व्हिनाइलच्या पट्टीपुरते खरे आहे. पट्टी फुगत नाही. पण खालून येणारी ओल ती थांबवत नाही, उलट कोंडते, आणि मग कुबट वास व बुरशी सुरू होते. तळमजल्यावरच्या रो-हाउसमध्ये किंवा बाथरूमला लागून असलेल्या खोलीत लाद्यांच्या सांध्यांतून पांढरे क्षार वर येत असतील, तर आधी गळती शोधा. शंका असेल तिथे २ बाय २ फूट प्लॅस्टिकचा कागद सांध्यांवर येईल असा पसरून चारही कडा टेपने बंद करा. २४ तासांनी आतून दव दिसले किंवा खालची जागा काळपट पडली, तर काम थांबवा. ही चाचणी मे महिन्यात करून समाधान मानू नका, जुलैमधली खरी.

आता निवड. चिकटवायच्या २ ते ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या स्वस्त पडतात, पण खालचा प्रत्येक खड्डा-उंचवटा त्यांच्यावर उमटतो आणि ओल आली की गोंद सुटतो. आपल्याकडच्या फ्लॅटला ४ ते ६ मिलिमीटरची, लॉक असलेली एसपीसी (स्टोन प्लॅस्टिक कंपोझिट) पट्टी जास्त सोयीची. हिचा गाभा चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसीचा असतो. एकूण जाडीपेक्षा वरचा पारदर्शक थर विचारा: बेडरूमला ०.३ मिलिमीटर चालतो. हॉलला, चाकाच्या खुर्चीला किंवा घरात कुत्रा असेल तर ०.५ घ्या. पट्टीला खाली फोम चिकटवलेला असेल, तर वेगळा फोम अंथरू नका. मऊपणा वाढला की लॉकवर ताण येतो.

१० बाय १२ फुटांच्या खोलीला १२० चौरस फूट अधिक १० टक्के कापाकापीचे, म्हणजे १३२ चौरस फूट माल लागतो. १७८ बाय १२२० मिलिमीटरच्या १० पट्ट्यांचा बॉक्स साधारण २३ चौरस फुटांचा भरतो, तेव्हा ६ बॉक्स घ्या. सगळे एकाच बॅचचे आहेत ना ते बघा. बॉक्स ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवा.

पहिली ओळ लावण्याआधी हिशेब करा, कारण काम फसते ते इथेच. याच खोलीची १० फुटांची बाजू ३०४८ मिलिमीटर. दोन्ही भिंतींशी प्रसरणासाठी ८-८ मिलिमीटर फट सोडली की उरतात ३०३२. त्यात १७ पूर्ण ओळी बसतात आणि शेवटी ६ मिलिमीटरची चिंधी उरते, जी लॉकच होणार नाही. म्हणून पहिली ओळ उभी चिरून ९२ मिलिमीटर करा. मग मधे १६ पूर्ण आणि शेवटी पुन्हा ९२ येतात. शेजारच्या दोन ओळींतले आडवे सांधे किमान ३०० मिलिमीटर सरकवलेले हवेत.

कापायला धारदार कटरने वरून खोल रेघ मारून पट्टी मोडली की पुरते. चौकटीभोवतीच्या कोपऱ्यांना जिगसॉ, म्हणजे विजेवरची बारीक पात्याची करवत, लागतो. लांब बाजू तिरकी धरून बसवा, मग टोकाचा सांधा ठोकळा ठेवून हलकेच ठोका. थेट हातोडी मारली की लॉकची कड फुटते. दाराची चौकट खालून पट्टीच्या जाडीएवढी कापून पट्टी तिच्याखाली सरकवणे हेच सफाईचे काम. तिथे सिलिकॉन फासून वेळ मारून नेणाऱ्या कारागिराला अडवा. दारेही खालून तासावी लागतील, सुताराला आधीच सांगून ठेवा. खोल्यांच्या उंबऱ्यावर जोडपट्टी देऊन सलगता तोडावी.

भिंतीवर जुनी टाइलची स्कर्टिंग असते, त्यामुळे फट उघडी दिसते. ती झाकायला पीव्हीसीची गोल पट्टी किंवा नवी स्कर्टिंग लावा. ती भिंतीला चिकटवायची, फरशीला नाही. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) नको, दमट हवेत फुगते. फिक्स वॉर्डरोब आणि किचनची कॅबिनेट पट्ट्यांवर उभी करू नका. वजनाने एक कड जखडली गेली की पश्चिमेच्या फ्रेंच विंडोतून येणाऱ्या उन्हात प्रसरण पावणाऱ्या पट्ट्या दुसरीकडे वर उचलतात. अशा खिडकीला जाड पडदा हवाच.

रोजच्या सफाईला मऊ झाडू आणि घट्ट पिळलेला पोछा, पाण्यात सौम्य लिक्विड सोपचे थेंब. ॲसिड आणि स्टीम मॉप वर्ज्य. फिनाइलचा चिकट थर बसून फरशी मळकट दिसते. रबरी पाठीची पायपुसणी पिवळे डाग पाडतात आणि ते निघत नाहीत, सुती घ्या. रांगोळी दगडी भुकटीची असते, पायाखाली घासली गेली की ओरखडे उठतात, म्हणून पाटावर काढा. पणतीखाली ताटली ठेवा. हळद सांडली तर लगेच पुसा.

एखादी पट्टी खराब झालीच, तर जवळच्या भिंतीकडची स्कर्टिंग काढून तिथपर्यंतच्या ओळी उकलायच्या आणि ती बदलून पुन्हा बसवायच्या. त्यासाठी त्याच बॅचच्या चार-पाच पट्ट्या पलंगाखाली आडव्या ठेवा. उभ्या टेकवल्या तर वाकतात.