एमबीबीएसची शुल्क सवलत: महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी अर्ज कसा करावा

एमबीबीएसला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याची शासकीय शुल्क सवलत राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरण्याच्या कितीतरी आधी, म्हणजे प्रवेशफेरीतच बरीचशी ठरून जाते. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा (सीईटी) कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीतून मिळालेली जागाच सवलतीस पात्र असते. महाविद्यालय स्वतः भरते त्या संस्थास्तरीय कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतलेल्या प्रवेशास ती मिळत नाही. म्हणून पसंतीक्रम भरतानाच हा हिशोब मांडावा.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असल्यास राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना मात्र 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा अडीच लाख असून त्यापुढील उत्पन्न गटासाठी फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, आहे.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचाच हवा. अधिवास प्रमाणपत्र, जागावाटपाचे पत्र आणि, नीटसाठी एखादे वर्ष थांबले असल्यास, खंडाचे प्रतिज्ञापत्र स्कॅन करून तयार ठेवावे. प्रवेशाच्या धावपळीत सेतू केंद्रापुढे रांग लावण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

सर्वाधिक गोंधळ बँक खात्याचा होतो. पासबुकाला आधार जोडलेले असले तरी थेट लाभाची रक्कम एनपीसीआयच्या (राष्ट्रीय देयक महामंडळाच्या) नोंदीत ज्या बँकेचे नाव आहे तिथेच जाते, आणि ती बँक पुष्कळदा दहावीत उघडलेल्या, आता विसरलेल्या खात्याची निघते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडून आपल्याच वापरातील बँकेचे नाव आणि पुढे ‘ॲक्टिव्ह’ दिसते का, हे अर्जापूर्वी पाहावे.

अर्ज पाठविल्यावर तो महाविद्यालयाच्या लिपिकाकडे पडताळणीस जातो. त्रुटी आढळल्यास तो परत येतो आणि मुदतीत दुरुस्त न केल्यास तसाच पडून राहतो, त्यामुळे अधूनमधून लॉगिन करून स्थिती पाहणे भाग आहे. नूतनीकरणाचा अर्जही दरवर्षी करावा लागतो. या सवलतीत खानावळीचा व खोलीभाड्याचा खर्च धरलेला नाही, त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेचा अर्ज त्याच पोर्टलवर स्वतंत्रपणे भरावा.