स्क्वीझ मारण्याआधी हे वाचा

सिग्मा-होल (आयोडीनसारख्या हॅलोजन अणूच्या बंधासमोरच्या टोकावरचा किंचित धनभारित भाग) म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. आयोडीन-नायट्रोजन अंतर त्यांच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांच्या ३.५३ अँगस्ट्रॉम बेरजेपेक्षा बरंच खाली आलं, कार्बन-आयोडीन-नायट्रोजन कोन १८०° ला टेकला, की हॅलोजन बंध (त्या धन भागाचं नायट्रोजनशी असलेलं आकर्षण) सापडल्याचा आनंद होतोच. माझं अंतर २.८ च्या आसपास आलं आणि तिथेच मी बेसावध झाले.

पिरिडीन गट (त्यातला नायट्रोजन आयोडीनला धरतो) असलेलं कॅलिक्सअरीन, म्हणजे वाटीच्या आकाराचा महाचक्री रेणू, आणि १,४-डायआयोडोटेट्राफ्लुओरोबेंझीन डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळेना, म्हणून मी त्यात थोडं डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड, दुसरा विद्रावक) टाकलं. स्फटिक सुंदर आले. पण वाटीच्या पोकळीतला विद्रावक इतका विस्कळीत, की त्याला आकारच देता येईना. सीनियर म्हणाला, "स्क्वीझ मार, पुढे हो." स्क्वीझ म्हणजे क्ष-किरण रचनेतून विस्कळीत विद्रावकाचा वाटा गणिताने वजा करायची, प्लेटॉन या प्रोग्रॅममधली सोय. प्लेटॉनने दर पोकळीत ४२ इलेक्ट्रॉन मोजले. मी डायक्लोरोमिथेन लिहून मोकळी झाले.

आता नीट बघा. डायक्लोरोमिथेन: कार्बनचे ६, हायड्रोजनचे २, दोन क्लोरीनचे ३४. एकूण ४२. डीएमएसओ: कार्बनचे १२, हायड्रोजनचे ६, गंधकाचे १६, ऑक्सिजनचे ८. तेही ४२! रेणुभारही ८५ आणि ७८. एवढ्या मोठ्या यजमान रेणूत टीजीएवर (तापवून वजनातली घट मोजायच्या चाचणीत) हा फरक सहज बुडतो. स्क्वीझ इलेक्ट्रॉन मोजतं, नाव सांगत नाही.

शेवटी स्फटिक गाळणकागदावर टिपून सीडीसीएल३ (ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म) मध्ये प्रोटॉन एनएमआर वर्णपट घेतला. ५.३० पीपीएमवर, जिथे डायक्लोरोमिथेन दिसतं, काही नाही, २.६२ वर ठसठशीत शिखर. डीएमएसओ! त्याचा ऑक्सिजन स्वतःच आयोडीनला धरू शकतो, पिरिडीनशी स्पर्धा करतो. "विद्रावकाचा काही संबंध नाही" हे माझ्या प्रबंधातलं अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. त्या आठवड्यात मी लॅबमध्ये कुणाशी बोलले नाही.

घाबरू नका. महाचक्री रेणूंच्या पोकळ्या अशाच असतात, विस्कळीतपणा तुमचा दोष नाही. पण ओळख न पटवता स्क्वीझ वापरणं हा दोषच, आणि तसा सल्ला देणारा सीनियर कितीही प्रेमळ असला तरी त्याचं ऐकू नका. "कशावरून?" असं विचारणारा गाईड मिळाला तर त्याला सोडू नका, तो कटकट्या वाटला तरी.

स्फटिक मदर लिकरमधून (ज्या द्रावणात ते वाढले त्यातून) थेट तेलात घ्या; माझे हवेत काही मिनिटांत दुधाळ व्हायचे. आणि व्हायलवर (स्फटिकांच्या छोट्या बाटलीवर) वरून टाकलेल्या विद्रावकाचे थेंबसुद्धा लिहा. माझ्या त्या पहिल्या व्हायलवर फक्त "डीसीएम", म्हणजे डायक्लोरोमिथेन, लिहिलेलं होतं.