लॅबमधलं अपडेट: वार आणि वेळ आपण ठरवायची

प्रॅक्टिकलची बॅच बसलेली, आणि तीन नंबरच्या मशीनवर टक्के मोजत वर्तुळ फिरतंय. कॉलेजची लॅब सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा, विंडोजच्या अपडेटवर राग असतो तो एवढ्यासाठीच. मग कुणीतरी सुचवतं, 'अपडेटची सर्व्हिसच (मागे चालणारा प्रोग्रॅम) बंद करून टाका ना!' तसं करू नका. एक तर विंडोजमध्ये 'अपडेट मेडिक' म्हणून आणखी एक सर्व्हिस असते, ती बंद केलेली सर्व्हिस पुन्हा चालू करून ठेवते. शिवाय मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने विंडोजमधल्या एका त्रुटीतून शिरून जगभर फायली अडकवल्या, तेव्हा त्या त्रुटीचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच आलेला होता. पोरांचे पेनड्राइव्ह दिवसभर फिरतात अशा लॅबला तर पॅच हवाच.

आधी मशीनवर विंडोजची होम आवृत्ती आहे की प्रो ते बघा. प्रो असेल तर निम्मं काम झालं. ॲडमिन खात्यातून 'जीपीएडिट डॉट एमएससी' (ग्रुप पॉलिसी एडिटर) उघडा. कम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कम्पोनंट्स, विंडोज अपडेट असं आत जा. विंडोज ११ मध्ये त्याखाली 'मॅनेज एंड यूजर एक्स्पीरियन्स' हा आणखी एक फोल्डर लागतो. तिथे 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' एनेबल करून पर्याय ४ (आपोआप डाउनलोड, ठरलेल्या वेळी इन्स्टॉल) घ्या.

खरी मेख पुढे आहे. तिथे वेळ आधीपासून पहाटे तीनची भरलेली असते. पहाटे तीनला आपल्या लॅबमध्ये कोण असतं? साडेपाचला शिपाईमामा मेन स्विच पाडून कुलूप लावतात. म्हणून मशीन खरोखर चालू असेल अशी वेळ द्या. मी शनिवार दुपारी एक ठेवतो, आणि फक्त तिसऱ्या आठवड्याची खूण करतो. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे पॅच दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. एखादा पॅच घोळ घालणारा असला तर तो शनिवारपर्यंत बहुधा उघडकीला येतो. तुमच्याकडे देखभालीसाठी लाइट जाण्याचा वार ठरलेला असेल, तर तो तेवढा टाळा.

शेजारीच (विंडोज ११ मध्ये 'लेगसी पॉलिसीज' या फोल्डरमध्ये) 'नो ऑटो-रिस्टार्ट विथ लॉग्ड ऑन यूजर्स' आहे, तेही एनेबल करा. मग कुणी लॉग-इन असताना या ठरलेल्या अपडेटसाठी मशीन आपणहून रिस्टार्ट होत नाही. मात्र पोरं लॉग-आउट न करता उठून जातात, आणि मग ते रिस्टार्ट लटकून राहतं. शनिवारी बॅच सुटली की ओळीने सगळी मशीन साइन-आउट करायची, त्याला इलाज नाही. मामांनाही सांगून ठेवा: पॉवरच्या चिन्हावर केशरी ठिपका दिसला तर मेन पाडायचा नाही, 'अपडेट अँड शट डाउन' दाबून मशीन पूर्ण बंद होईपर्यंत थांबायचं.

होमवर जीपीएडिट नसतं. तिथे सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटखाली 'ॲक्टिव्ह अवर्स', म्हणजे मशीनने आपणहून रिस्टार्ट होऊ नये ती वेळ, यात कॉलेजची वेळ भरा (जास्तीत जास्त १८ तास चालतात), आणि परीक्षेच्या आधी 'पॉज' करा. तो पाच आठवड्यांपर्यंत मिळतो, एवढ्यात कुठलीही परीक्षा उरकते.

सगळी मशीन एकाच लाइनवर असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' मध्ये लोकल नेटवर्कचा पर्याय चालू ठेवा. अपडेटचे तुकडे मशीन एकमेकांकडून घेतात, आणि ऑफिसमधून 'नेट स्लो आहे' असे फोन येणं कमी होतं.

डीप फ्रीझ (रिस्टार्ट केलं की मशीन पुन्हा मूळ स्थितीत आणणारं सॉफ्टवेअर) घातलेल्या लॅबची गोष्ट निराळी. फ्रीझ असताना बसलेलं अपडेट रिस्टार्टला पुसलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा डाउनलोड व्हायला लागतं. नेटचा डेटा फुकट जातो. शनिवारच्या त्याच वेळेला मशीन थॉ करा (म्हणजे फ्रीझ काढा), अपडेट आणि रिस्टार्ट पूर्ण होऊ द्या, मगच पुन्हा फ्रीझ.

सोमवारी सकाळी दोन-चार मशीनवर 'अपडेट हिस्ट्री' उघडून तारीख बघा. एखादं मशीन मागे राहिलेलं दिसलं, तर आधी त्याच्या सी ड्राइव्हमध्ये जागा किती उरलीय ते तपासा. जुन्या १२८ जीबीच्या डिस्कवर बहुतेक वेळा तेच कारण निघतं.