गुडघा बदलल्यावर: उशी, बर्फ आणि व्यायामातल्या या चुका टाळा

गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात: "वाकतो का आता? मांडी घालता येईल का?" पाय सरळ होतो का, हे कुणीच विचारत नाही. पहिल्या काही आठवड्यांत खरी काळजी त्याचीच करायला हवी.

सगळ्यात जास्त घात करते ती गुडघ्याखालची उशी. गुडघा थोडा वाकलेला असला की दुखणं कमी वाटतं, म्हणून घरची माणसं प्रेमानं उशी सरकवतात. तासन्‌तास तसा राहिलेला गुडघा तिथेच आखडतो. मग पाय पूर्ण सरळ होत नाही आणि माणूस नव्या गुडघ्यानंही लंगडतो. उशी किंवा गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या. मागच्या बाजूला ताण बसेल; तो बसायलाच हवा. दिवसातून तीन-चार वेळा पाच-दहा मिनिटं पुरे. जोडीला मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा गादीकडे दाबायचा, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचा. व्यायाम दिसायला किरकोळ, पण सूज असली की हा स्नायू नीट आवळला जात नाही, म्हणून तो चुकवू नका.

बर्फाचं काम इथेच आहे: सूज आणि दुखणं आटोक्यात ठेवायचं, म्हणजे व्यायाम जमतो. नुसता बर्फ लावून पडून राहिलात तर गुडघा सुटणार नाही. दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं व्यायाम, व्यायामानंतर बर्फ, हा क्रम बरा. एका वेळी 15 ते 20 मिनिटं, मध्ये कोरडा पातळ टॉवेल. फ्रीजरमधलं मटारचं पाकीट गुडघ्यावर छान बसतं. ड्रेसिंग मात्र ओलं होऊ देऊ नका. टाक्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बऱ्याच जणांना बधिर लागते, त्यामुळे थंडीनं ती भाजली तरी कळत नाही. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर डॉक्टरांना विचारूनच बर्फ लावा आणि दर पाच मिनिटांनी कातडी बघा.

गरम पाण्याची पिशवी आणि तेलाचं मालीश सुरुवातीला नकोच, शेजारच्या काकूंनी कितीही आग्रह केला तरी. शेकानं सूज वाढू शकते, आणि ओल्या जखमेवर तेल चोळणं धोक्याचं.

वाकवण्यासाठी पलंगावर बसून टाच हळूहळू स्वतःकडे ओढा. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवली की ती सहज घसरते. पाय जोर लावून दुसऱ्यानं दाबू नये. अति उत्साहात चालणंही महागात पडतं: दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आणि दुखणं वाढलेलं दिसलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून चालणं थोडं कमी करा, पण बंद करू नका. सूज काही महिने राहू शकते, घाबरू नका.

काठी ऑपरेशन झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

पोटरी अचानक दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येऊ लागला, तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा. धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट हॉस्पिटल गाठा.