गळाचा दोरा ठेवणीत टाकण्यापूर्वी

हंगाम संपला की रीळ आहे तसं कपाटात सारायचा मोह होतो. त्याआधी दोऱ्याच्या टोकाकडचे काही मीटर चिमटीतून सावकाश सरकवा. खडक, शिंपले, माशांचे दात, सगळ्यांची झीज या टोकालाच बसते. बोटाला खरखर किंवा खाच लागली की तेवढा भाग कापून टाका, तिथे काटकसर नको.

मग गोडं पाणी. खाऱ्या पाण्यात वापरलेलं रीळ हलक्या धारेखाली धुवा. जोराचा फवारा मारलात तर मीठ आणि वाळू उलट आत ढकलली जाते. धुतल्यावर सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या आणि ड्रॅग, म्हणजे मासा ओढतो तेव्हा दोरा किती ताणावर सुटेल ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, सैल करा, म्हणजे आतल्या चकत्या महिनोन्‌महिने दाबलेल्या राहणार नाहीत. विणलेल्या दोऱ्याला वाळायला जास्त वेळ द्या. त्याचं पॉलिथिलीन स्वतः पाणी पीत नाही, पण धाग्यांमधल्या फटी ते धरून ठेवतात आणि तो ओलावा रिळाच्या धातूला गंज आणतो.

नायलॉनच्या तंगुसाची काळजी सर्वांत जास्त घ्यायला हवी. नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं असताना थोडं कमजोर होतं, मात्र सुकल्यावर ती ताकद परत येते. फार कोरडं पडून कडक झालेलं तंगूसही भिजवलं की मऊ होतं. उन्हाने केलेलं नुकसान मात्र कशानेच भरून निघत नाही. अतिनील किरण नायलॉनच्या रेणूंच्या साखळ्याच तोडतात, आणि दोरा वरून धडधाकट दिसत असतानाही गाठीत तुटतो. म्हणून जागा अंधारी, थंड आणि कोरडी हवी: झाकणाचा अपारदर्शक डबा, घरातलं आतलं कपाट. खिडकीची कड, तापणारी गाडी, पत्र्याखालचा माळा नको. बॅटरीजवळ तर मुळीच नको, आम्लाने नायलॉन खराब होतं. फ्लुरोकार्बनचा दोरा, म्हणजे तंगुसासारखाच दिसणारा पण वेगळ्या प्लास्टिकचा, पाणी जवळजवळ शोषत नाही आणि उन्हालाही बराच टिकतो, तरी त्यालाही त्याच डब्यात ठेवावं.

उरलेला दोरा मोठ्या व्यासाच्या स्पूलवर, फार ताण न देता गुंडाळा. लहान स्पूलवर पडून राहिलेलं तंगूस वेटोळ्यांचा आकार धरतं आणि फेकताना स्प्रिंगसारखं उसळतं. टोक चिकटपट्टीने बसवा. स्पूलच्या खाचेत घट्ट अडकवलं तर नेमकं तिथेच चिमटतं. प्रत्येक स्पूलवर प्रकार, जाडी, किती किलोचा ताण सोसतो ते आणि खरेदीचा महिना लिहा. पारदर्शक दोऱ्यांमधला फरक पुढच्या वर्षी नजरेला कळत नाही.

निम्माच दोरा वापरला गेला असेल तर तो उलटा करून भरा, म्हणजे आतला कोरा भाग वर येईल. माझ्या मते दोरा वाचवायची यापेक्षा चांगली युक्ती नाही.

पुन्हा बाहेर काढाल तेव्हा एक गाठ मारून, ती ओली करून, हाताला फडकं गुंडाळून ओढा. सहज तुटली तर काही मीटर कापून पुन्हा बघा. तरीही तुटत असेल तर सगळा दोरा बाद करा. बाद दोरा आखूड तुकडे करूनच झाकणाच्या बाटलीत टाका, कारण लांब दोऱ्यात पक्ष्यांचे पाय आणि कासवांच्या माना अडकतात.