गहू बाधतो का? आधी घड्याळ बघा, मग तपासणी करा

माझा मुलगा दहा महिन्यांचा होता. शेवयांची खीर दोन चमचे खाल्ली आणि दहाएक मिनिटांत त्याचा वरचा ओठ सुजला, हनुवटीखाली लाल गांधी उठल्या. वरचं दूध नुकतंच सुरू केलं होतं, त्यामुळे घरात सगळ्यांनी एकमताने दुधालाच दोषी ठरवलं. दूध बंद झालं. तीन आठवड्यांनी मऊ भात-मेतकूट भरवलं, दुधाचा थेंबही नव्हता, तरी पुन्हा तोच ओठ, त्याच गांधी. मेतकुटात भाजलेले गहू असतात हे मला माहीत होतं. पण गहू म्हटलं की डोळ्यांसमोर पोळी येते, आणि पोळी तर आम्ही त्याला अजून दिलीच नव्हती.

आमचे ते तीन आठवडे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

पहिलं काम: किती वेळाने त्रास होतो ते लिहा

आपण सरसकट 'गहू बाधतो' म्हणतो, पण त्यामागे वेगवेगळे आजार असतात. खरी ॲलर्जी असेल तर शरीर गव्हातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं आणि त्रास काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसतो: गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी, खोकला, छातीत सूं-सूं आवाज. सीलिॲक आजाराची चाल संथ असते. त्यात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं. महिनोन्महिने पोट फुगणं, जुलाब, न हटणारा रक्तक्षय, मुलाची उंची-वजन न वाढणं अशी त्याची लक्षणं. तिसऱ्या प्रकारात गहू खाल्ल्यावर पोट बिघडतं, पण या दोन्हींपैकी काहीच सापडत नाही. त्याची वेगळी तपासणी नाही, बाकीचं वगळूनच तिथे पोहोचावं लागतं.

म्हणून वही घ्या. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास किती वाजता सुरू झाला, किती वेळ टिकला. पदार्थाचं नुसतं नाव लिहू नका, त्यात काय काय होतं ते लिहा. आमच्या वहीत 'खीर' एवढंच असतं तर दूध की गहू हे कळलंच नसतं. 'दूध, शेवया (गहू), काजू, वेलची' अशी ओळ होती आणि तिच्याखाली 'मेतकूट: हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू' अशी दुसरी. दोन्हीकडे एकच शब्द होता. गांधी उठल्या की मोबाइलवर फोटोही काढा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या मावळतात.

मोठ्या माणसांनी आणखी एक नोंद ठेवावी: जेवणानंतर काय केलं? काहींना पोळी खाऊन निवांत बसलं तर काही होत नाही, पण जेवून पळापळ केली, खेळले, डोंगर चढले की अंगभर गांधी उठतात, चक्कर येऊन कोसळायलाही होतं. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळीनेही हे घडू शकतं. या प्रकारात गव्हाची नेहमीची रक्ततपासणी कधी कधी निगेटिव्ह येते. तेव्हा 'ओमेगा-५ ग्लायडिन' या गव्हातल्या एका प्रथिनाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना आठवणीने विचारा. गिरणीत किंवा बेकरीत काम करणाऱ्यांना पीठ नाकात जाऊन दमा जडू शकतो. कामावर शिंका आणि धाप, सुट्टीत आराम, असं होत असेल तर तेही लिहून ठेवा.

दुसरं काम: गहू थांबवायचा की चालू ठेवायचा

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. लगेच सूज, गांधी किंवा धाप येत असेल तर त्याच दिवसापासून गहू बंद. 'थोडा थोडा देऊन सवय होईल' असा प्रयोग घरी अजिबात करू नका. पण त्रास संथ असेल आणि सीलिॲकची शंका असेल, तर तपासणी होईपर्यंत पोळी सोडू नका. गहू आधीच बंद केला तर रक्तातली प्रतिद्रव्यं कमी होतात, आतडंही सावरू लागतं, आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येतो. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा काही आठवडे गहू खाऊन सगळं नव्याने करावं लागतं.

तिसरं काम: योग्य तपासणी

सीलिॲकसाठी टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणारी प्रतिद्रव्यं) आणि सोबत एकूण आयजीए ही रक्ततपासणी करतात, आणि गरजेनुसार दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासतात. यासाठी पोटविकारतज्ज्ञांकडे जा.

ॲलर्जीसाठी ॲलर्जीतज्ज्ञ स्किन प्रिक टेस्ट करतात. हातावर गव्हाच्या अर्काचा थेंब आणि शेजारी गहू नसलेला साधा 'निगेटिव्ह' थेंब टाकून सुईने हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गाठ मोजतात. निगेटिव्ह थेंबाच्या जागेपेक्षा ती किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर पॉझिटिव्ह. खाज-सर्दीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून थांबवाव्या लागतात, नाहीतर गाठ उठतच नाही. गोळ्या थांबवणं शक्य नसेल तर रक्तातली गव्हाची आयजीई तपासतात.

आता रिपोर्ट हातात आल्यावर घाबरायचं नाही. पॉझिटिव्हचा अर्थ शरीराने गहू 'ओळखला' इतकाच. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि ते मजेत पोळी खात असतात. म्हणून रिपोर्ट वहीशेजारी ठेवूनच वाचायचा. आम्हाला एका लॅबने दोनशे पदार्थांची आयजीजी तपासणी सुचवली होती. आयजीजी ही आयजीईपेक्षा वेगळी प्रतिद्रव्यं, आणि ती बहुधा तो पदार्थ खाण्यात असल्याची खूण असते, ॲलर्जीची नव्हे. त्या यादीवरून मुलाचं अन्न तोडणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

वही आणि रिपोर्ट जुळत नसतील तर शेवटचा निर्णय फूड चॅलेंजने होतो: रुग्णालयात, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन तयार ठेवून, अगदी चिमूटभरापासून वाढवत गहू खायला देतात. घरी मात्र हे कधीच नाही.

निदान झाल्यावर स्वयंपाकघर

रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया, पाव, खारी, टोस्ट हे लक्षात राहतं. निसटतात ते मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सोया सॉस आणि डबीतला हिंग. हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं. खपली हाही गहूच आहे, तो 'चालतो' असं कोणी कितीही सांगितलं तरी. पाकिटावर ॲलर्जीची सूचना आपल्याकडे छापावी लागते, ती दर वेळी वाचा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा बहुतेकांना चालतात, पण गिरणीत गव्हानंतर ज्वारी दळली की गव्हाचं पीठ त्यात येतंच. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू एकदाही टाकलेला नाही.

धाप लागली तर

घसा आवळणं, आवाज बसणं, धाप, वारंवार उलटी, मूल मलूल पडणं ही ॲनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या ॲलर्जीच्या झटक्याची चिन्हं आहेत. यावर औषध एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनलिन. ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. ॲड्रेनलिन घरी ठेवायचं का, किती आणि कसं द्यायचं, हे डॉक्टरांकडून आधीच शिकून घ्या. १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं करून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका.

बऱ्याच मुलांची गव्हाची ॲलर्जी वाढत्या वयात जाते, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा तपासून घ्या. वही मात्र बंद करू नका. पुढच्या भेटीत डॉक्टर पहिल्यांदा तीच मागतील.